दार नसलेली गाडी : नॅस्करच्या स्टॉक कार आणि त्यातला माणूस

शार्लटवासी (धागाकर्ता)

आईबाबा सध्या साताऱ्याहून आमच्याकडे आलेत. बाबा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. गाडी कुठलीही असो, आधी वाकून खालून बघणार, मग रंग. त्यांना घेऊन शार्लटचं (नॉर्थ कॅरोलायना) नॅस्कर हॉल ऑफ फेम, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेचं संग्रहालय, बघायला गेलो. इतकी वर्षं इथे राहून मीही पहिल्यांदाच. आत एक वळत जाणारा रॅम्प आहे, त्यावर १९४०च्या दशकापासूनच्या शर्यतीच्या गाड्या ओळीने लावल्यात. वर जाल तसा रस्ता कलत जातो, ट्रॅकचा खरा चढ कळावा म्हणून.

एका नव्या गाडीपाशी बाबा थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्याला कडी नाही रे. कडी काय, दारच नाही! माणूस आत जातो कुठनं?"

खिडकीतून, मी सांगितलं.

"आणि पेटली तर?"

ह्याला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. आठवडाभर वाचत बसलो, त्यातून हा धागा. जाणकारांनी चुका काढाव्यात.

स्टॉक कार म्हणजे शोरूममध्ये मिळते तीच गाडी, एवढाच मूळ अर्थ. बिल फ्रान्स सीनियरने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात मंडळी जमवली, पुढच्या फेब्रुवारीत नॅस्कर रीतसर उभी राहिली आणि १९ जून १९४९ ला आमच्या शार्लटलाच, पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, 'स्ट्रिक्टली स्टॉक' नावाची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत बाद झाला, कारण त्याच्या १९४७च्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार सापडला. ही युक्ती हातभट्टीवाल्यांची. डिकीत दारू भरली तरी गाडी मागून बसू नये आणि पोलीस मागे लागले की वळणावर हाताबाहेर जाऊ नये, म्हणून केलेली. पहिलं बक्षीस जिम रोपरच्या लिंकनला गेलं. डनवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. म्हणजे 'स्टॉक' ह्या शब्दावरचं भांडण पहिल्याच दिवशी सुरू झालं.

त्याच शर्यतीत ली पेटीने ओळखीच्याकडून मागून आणलेली ब्यूक उलटवली. ज्या गाडीतून शर्यतीला आले तीच गाडी! परत जायला दुसऱ्याची गाडी शोधावी लागली. तेव्हाची सुरक्षा म्हणाल तर दारं उघडू नयेत म्हणून दोरीने नाहीतर पट्ट्याने बांधायची.

आजच्या गाडीत शोरूममधलं काय उरलंय? तोंडावळा. पुढचे दिवेसुद्धा खरे नसतात, स्टिकर असतात. हा बदल का आणि कोणत्या अपघातांमुळे झाला, त्यावर बोलूया.

चक्कीजाम

डावीकडे वळायचं, परत डावीकडे वळायचं, पाचशे मैल तेच. आमच्या गावच्या तेलघाण्याचा बैलही हेच करायचा, त्याला कुणी हॉल ऑफ फेम नाही दिला. चालू द्या, वाचतोय.

जुनी_खोड

चक्कीजाम, बैलाच्या शेजारी इंचभर अंतरावर आणखी एकोणचाळीस बैल ताशी तीनशे किलोमीटरने पळत नव्हते.

धागाकर्त्याने पन्नासचं दशक उरकलंच नाही, म्हणून थोडी भर. १९५० ला डार्लिंग्टनला पहिली सदर्न ५०० झाली, ७५ गाड्या मैदानात. वेगवान गाड्यांचे टायर पटापट फाटत होते. जिंकला कोण? जॉनी मँट्झ, प्लिमथ घेऊन. पात्रता फेरीत अगदी मागे राहिलेला. त्याने कडक टायर लावले होते, तो एका लयीत चालवत राहिला आणि बाकीचे टायर बदलत बसले. गाडीचं इंजिन कितीही दांडगं असो, रस्त्याला टेकतात ते चार तळवेच.

आता टायरवरून माकड. हो, माकडच. टिम फ्लॉक १९५३ मध्ये काही शर्यतींत जोको फ्लोको नावाचं माकड शेजारी बसवून गाडी चालवायचा, त्याला शिवलेला पोशाख वगैरे घालून. तेव्हा गाडीच्या तळाला एक झाकण असे. साखळी ओढली की ते उघडायचं आणि पुढचा उजवा टायर किती झिजलाय ते चालकाला दिसायचं. वर्तुळात डावीकडे फिरताना सगळ्यात जास्त भार त्याच टायरवर येतो. रॅलीच्या शर्यतीत माकड सुटलं, त्याने साखळी ओढून झाकण उघडलं, खालून उडालेला खडा त्याला लागला आणि ते बिथरून फ्लॉकच्या मानगुटीवर बसलं. पिटला (शर्यतीत टायर-पेट्रोलसाठी थांबायची जागा) थांबून त्याला बाहेर काढावं लागलं. माझ्या माहितीत माकड उतरवण्यासाठी झालेला हा एकमेव पिट स्टॉप.

(रॅली म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं गाव, आपली रॅली नव्हे.)

सई_ट

माकडावर फुटले! 😂 पण काकांचा प्रश्न तसाच राहिला. पेटली तर?

जुनी_खोड

सई, त्याचं उत्तर १९६४ सालात आहे आणि ते हसण्यासारखं नाही.

२४ मे १९६४, शार्लटची वर्ल्ड ६००. फायरबॉल रॉबर्ट्स हा त्या काळचा सगळ्यात मोठा गडी. समोर दोन गाड्या एकमेकींवर गेल्या, त्यांना चुकवताना त्याची फोर्ड उलटी होऊन भिंतीवर आदळली, टाकी फुटली, आग. तो भाजला आणि २ जुलैला गेला. तेव्हा आगीपासून बचावाचा उपाय म्हणजे सुती कपडे रसायनात बुडवून वाळवायचे. रॉबर्ट्सला दमा होता, त्या वासाने त्रास होई, म्हणून तो ते घालत नसे.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. न जळणाऱ्या धाग्याचे, नोमेक्सचे पोशाख आले. आणि फायरस्टोनने टाकीच बदलली. पत्र्याच्या डब्याच्या आत रबराची चिवट पिशवी आणि पिशवीत स्पंज. डबा चेपला तरी पिशवी फाटत नाही, फाटली तरी स्पंजात मुरलेलं पेट्रोल धो धो वाहत नाही. दार नसलेल्या गाडीतून बाहेर यायला जी काही सेकंदं लागतात ती ह्या स्पंजाने मिळवून दिलीत.

त्याच वर्षी जानेवारीत जो वेदरली रिव्हरसाइडला गेला. खांद्यावरचा पट्टा तो लावत नसे. गाडी भिंतीवर आदळली तेव्हा डोकं खिडकीबाहेर गेलं. खिडकीला जाळी मात्र यायला वेळ लागला. १९७० ला डार्लिंग्टनला रिचर्ड पेटीची गाडी कोलांट्या खाताना त्याचा हात खिडकीबाहेर लोंबकळताना सगळ्यांनी पाहिला, त्यानंतर जाळी सक्तीची झाली. एका चालकाचा जीव जाऊन जे झालं नाही ते दुसऱ्याचा लोंबकळता हात दिसल्यावर झालं.

बंडू_गॅरेजवाला

कोल्हापुरातून लिहितोय, तीस वर्षं गाड्यांचा पत्रा ठोकतोय. तुमचा तो स्पंज, जाळी सगळं मान्य. पण एक सांगतो, जुनी गाडी ती जुनी गाडी. अँबॅसिडर झाडावर आदळली तर झाडाची साल निघायची. आता बंपरला स्कूटर घासली की बंपर हातात येतो. ह्या नॅस्करवाल्यांनीही मूळच्या जाड पत्र्याच्या गाड्या ठेवल्या असत्या तर एवढ्या भानगडी लागल्या नसत्या. गाडी मजबूत तर माणूस मजबूत.

चक्कीजाम

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मेश_वाली

बंडूदादा, माझं पोटपाणी हेच आहे. पुण्यात बसून दिवसभर काँप्युटरवर गाड्या आपटते. त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते, टंकताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

स्टीलच्या घट्ट डब्यात अंडं ठेवा आणि डबा फरशीवर टाका. डब्याला पोचासुद्धा येणार नाही. अंड्याचं काय झालं ते झाकण उघडल्यावर कळेल. अँबॅसिडर झाडावर आदळून जशीच्या तशी राहायची तेव्हा आतल्या माणसाची छाती स्टिअरिंगवर जायची. गाडी चेपली नाही म्हणजे धक्का कुठे गेला? आत.

धक्का म्हणजे नुसता वेग नव्हे. तुमचा वेग किती वेळात बदलला, त्यावर सगळं अवलंबून. थांबायला जितका अवधी आणि जितकी जागा मिळेल तितकं शरीर सहन करतं. चेपणारा पत्रा हा अवधी विकत घेऊन देतो.

नॅस्करने हा धडा फार महागात घेतला. २००० साली मे महिन्यात न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकवर सरावात ॲडम पेटी गेला. रिचर्ड पेटीचा नातू, वय १९. जुलैत त्याच ट्रॅकवर, त्याच वळणावर केनी अर्विन. ऑक्टोबरमध्ये टेक्ससला नॅस्करच्याच ट्रक मालिकेत (पिकअप ट्रकांच्या शर्यती) टोनी रोपर. आणि १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत, चौथ्या वळणावर, डेल अर्नहार्ट. सात वेळा वर्षाचं विजेतेपद घेतलेला.

अर्नहार्टचा अपघात बघितलात तर काहीच वाटत नाही. गाडी उडली नाही, पेटली नाही. जरा तिरकी होऊन भिंतीला धडकली आणि घरंगळत खाली आली. त्याच्या आधी त्याच शर्यतीत टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडून कोलांट्या खात गेली, तो जिवंत राहिला. कोलांटी दिसायला भयंकर असते, पण एकेका आपटीत थोडी थोडी शक्ती खर्च होते. अर्नहार्टची सगळी एका क्षणात, काँक्रीटच्या भिंतीवर. पट्ट्याने धड जागच्या जागी राहिलं, डोकं पुढे गेलं. मानेला जोडणारं कवटीच्या तळाचं हाड मोडलं. ह्या सगळ्या मृत्यूंमागे डोक्या-मानेच्या अशाच दुखापती होत्या.

डबा शाबूत, अंडं फुटलं.

सई_ट

अंगावर काटा आला. पण अर्नहार्टचा पट्टा तुटला होता ना? तेव्हा त्यावर बरंच रान उठलं होतं असं आठवतं.

शार्लटवासी

हो, कमरेचा डावा पट्टा तुटलेला सापडला आणि त्यावरून मोठा वाद झाला. नॅस्करने ऑगस्ट २००१ मध्ये चौकशीचा अहवाल दिला, त्यात एकाच कारणावर बोट ठेवलेलं नाही. पट्टा, भिंतीला धडकण्याचा कोन, त्याआधी दुसऱ्या गाडीशी झालेली टक्कर, अशी बरीच कारणं एकत्र आली असं त्यांचं म्हणणं. इथे लोक अजून त्यावर भांडतात. मी एकदा ऑफिसात विषय काढला आणि जेवणाची सुट्टी संपली.

मानेसाठी असलेलं साधन मात्र तेव्हा बाजारात होतं, ही जास्त लागणारी गोष्ट. हॅन्स म्हणतात त्याला. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग, ह्यांनी १९८०च्या दशकातच बनवलं. मित्र अशाच दुखापतीने गेल्यावर त्यांनी हे मनावर घेतलं. खांद्यावर बसणारी कॉलर, तिच्यावरून पट्टे, आणि कॉलरपासून हेल्मेटला दोन दोऱ्या. धड थांबलं की डोकंही सोबतच थांबतं. बरेच चालक लावायला तयार नव्हते: अवघडतं, मागे वळून बघता येत नाही. अर्नहार्ट त्यांच्यातला एक. तो तर तोंड उघडं राहणारं जुन्या धर्तीचं हेल्मेट वापरायचा. ऑक्टोबर २००१ मध्ये नॅस्करने मानेचं साधन सक्तीचं केलं.

आपल्याकडे हेल्मेटसक्तीच्या वेळी पुणेकरांनी दिलेली कारणं आणि ही कारणं शेजारी ठेवून बघा.

चक्कीजाम

पुणेकर मध्ये आणायचे नाहीत. पाठीचं हेल्मेट... आपलं, मानेचं हेल्मेट आम्ही दुपारी १ ते ४ सोडून कधीही घालू.

जुनी_खोड

मेश_वालींनी भिंतीचा उल्लेख केला आणि थांबल्या. खरी मजा तिथेच आहे. पण त्याआधी वेगाबद्दल.

१९५९ ला डेटोनाचा अडीच मैलांचा ट्रॅक झाला, वळणावर रस्ता आतल्या बाजूला ३१ अंश कललेला. चाळीचा जिना डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढा. १९६९ ला टॅलाडेगा, २.६६ मैल, ३३ अंश. अशा ट्रॅकवर ब्रेक न लावता वळता येतं, मग वेग वाढणारच. कंपन्यांचं गणित साधं होतं: रविवारी जिंका, सोमवारी विका. डॉजने चार्जर डेटोना काढली, प्लिमथने सुपरबर्ड. समोर सुळकं नाक आणि मागे डिकीच्या बराच वर उभा पंख. दिसायला अगदी विचित्र, पण २४ मार्च १९७० ला टॅलाडेगाला बडी बेकरने तशाच गाडीत ताशी २०० मैल ओलांडले. पुढच्या वर्षी पंखवाल्यांना छोट्या इंजिनाची अट घातली आणि खेळ खलास.

तरी वेग वाढत गेला. १९८७ ला टॅलाडेगाला बिल एलियटने २१२.८०९ मैलांची फेरी मारली, म्हणजे साधारण ३४२ किलोमीटर. तो विक्रम आजही उभा आहे, कारण पुन्हा कुणाला तेवढं पळूच दिलं नाही. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनचा टायर फुटला. गाडी उलट्या तोंडाने फिरली, मागून हवा खाली शिरली आणि ती उचलून प्रेक्षकांपुढच्या जाळीत गेली. जाळीचा मोठा भाग उखडला, काही प्रेक्षक जखमी झाले. गाडी आत गेली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार करवत नाही. त्याचा मुलगा डेव्ही त्याच शर्यतीत पुढे होता, बापाचा अपघात त्याला आरशात दिसला. आणि ती शर्यत डेव्हीनेच जिंकली, त्याच्या कारकिर्दीतली पहिली.

१९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगाला कार्बोरेटरखाली भोकं पाडलेली चकती आली. हवा कमी, ताकद कमी, वेग कमी. पण सगळ्यांची ताकद सारखी झाल्यावर सगळेच घोळक्याने पळू लागले. एक चुकला की मागचे पंधरा-वीस जण त्यात. तिथले लोक ह्याला 'बिग वन' म्हणतात आणि काहीजण तेच बघायला तिकीट काढतात. एका रोगाचं औषध दुसऱ्याचं कारण झालं.

१९९४ ला टपावर झडपा आल्या. गाडी उलटी फिरली की टपावरच्या कमी दाबाने झडपा आपोआप उभ्या राहतात आणि गाडीला उचलणारी हवा मोडतात. विमानाच्या पंखावर असतं तसलं प्रकरण, फक्त इथे उडू नये म्हणून.

बंडू_गॅरेजवाला

अंड्याचं उदाहरण चांगलं आहे, वहिनी. तरी मला पत्र्याबद्दल बोलायचंय. पण आधी भिंतीचं काय ते सांगा.

मेश_वाली

वहिनी नको, ताई चालेल :)

भिंत म्हणजे नेब्रास्का विद्यापीठातले डीन सिकिंग आणि त्यांचा गट. ही मंडळी मुळात हायवेच्या कडेचे कठडे तयार करणारी. त्यांनी ट्रॅकच्या काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी चौकोनी नळ्यांची सलग भिंत उभी केली आणि दोन्हींच्या मधल्या फटीत फोमचे ठोकळे घातले. गाडी आदळली की नळ्यांची भिंत दबते, फोम चिरडतो आणि गाडी पुढे सरकत राहते, अडकत नाही. नाव सेफर बॅरिअर. मे २००२ मध्ये पहिल्यांदा इंडियानापोलिसला बसवली, मग काही वर्षांत नॅस्करच्या बाकीच्या वर्तुळाकार ट्रॅकवर.

दादा, मला सगळ्यात आवडतं ते हे. पन्नास वर्षं सगळे गाडी सुधारत होते आणि भिंत तशीच होती. अपघातात दोघं सामील असतात हे ज्यांनी ओळखलं ते गाड्या बनवणारे नव्हते.

पण सगळीकडे लावली नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत डेटोनाला काइल बुश आतल्या बाजूच्या साध्या भिंतीवर गेला. उजवा पाय मोडला, डाव्या पावलाचं हाडही. मग धावपळ करून उरलेल्या भिंती झाकल्या. गडी मे महिन्यात परत आला आणि त्याच वर्षी विजेतेपद घेऊन गेला, ती गोष्ट वेगळी.

शार्लटवासी

हाच काइल बुश. मार्च २००७ मध्ये ब्रिस्टलला नॅस्करची नवी गाडी 'कार ऑफ टुमॉरो' पहिल्यांदा धावली, ती शर्यत त्याने जिंकली आणि जिंकल्या जागी उभा राहून गाडीला नावं ठेवली. गाडी खरंच बोजड होती. पण टप उंच, रुंदी जास्त, चालकाची सीट दारापासून आत गाडीच्या मध्याकडे सरकवलेली आणि दार नि चालकाभोवतीचा पोलादी नळ्यांचा पिंजरा ह्यांच्यामध्ये फोम. पुढच्या वर्षी टेक्ससला पात्रता फेरीत मायकेल मॅकडॉवल भिंतीवर आदळून कितीतरी कोलांट्या खात खाली आला आणि गाडीतून उतरून लोकांना हात दाखवत चालत गेला. त्यानंतर टीकेचा आवाज जरा बसला.

आणि २०२०. डेटोना ५०० ची शेवटची फेरी, रायन न्यूमन पुढे. मागून धक्का, भिंत, गाडी उलटी, आणि उलट्या गाडीच्या चालकाच्या बाजूवर दुसरी गाडी पूर्ण वेगात. टीव्हीवर गाडीभोवती पडदे धरलेले दिसले तेव्हा आमच्या घरात कुणी बोलेना. दोन दिवसांनी तो दोन मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर पडला. ज्या पिंजऱ्याने त्याला वाचवलं त्यातल्या टपाजवळच्या एका जादा नळीला आधीपासूनच 'न्यूमन बार' म्हणत. पठ्ठ्या इंजिनिअर आहे, स्वतःच्या आधीच्या अपघातांवरून नॅस्करच्या मागे लागला होता.

अर्नहार्टनंतर नॅस्करच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही.

सई_ट

मग आता सगळं आलबेल म्हणायचं?

मेश_वाली

नाही ना! म्हणूनच बंडूदादांचा मुद्दा मी सोडला नाही.

२०२२ ला नवीन 'नेक्स्ट जेन' गाडी आली. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, चाकाला पाचाऐवजी मध्ये एकच नट, बॉडी पत्र्याची नाही तर कंपोझिटची, बहुतेक भाग ठरलेल्या पुरवठादाराकडून सगळ्यांना सारखेच. पिंजरा जबरदस्त. पण मागचा भाग इतका कडक झाला की गाडी मागून भिंतीला लागली तर चेपायचीच नाही. टीव्हीवर किरकोळ वाटणाऱ्या धडका चालकांना फार लागत होत्या. जुलैत पोकोनोला कर्ट बुशच्या डोक्याला मार बसला, तो पुन्हा पूर्णवेळ परतलाच नाही. सप्टेंबरमध्ये टेक्ससला ॲलेक्स बोमन, पाच शर्यती घरी. २०२३ साठी मागच्या सांगाड्यातल्या नळ्या काढून, बारीक करून तो मुद्दाम मऊ केला.

वीस वर्षांनी तोच डबा, तेच अंडं. ह्या वेळी मागच्या बाजूने.

पक्का_पुणेरी

उशिरा आलो. कुणीच लिहिलं नाही म्हणून: आपला नारायण कार्तिकेयन २०१० ला नॅस्करच्या ट्रक मालिकेत उतरला होता. पदार्पण मार्टिन्सव्हिलला, तेरावा आला. फॉर्म्युला वनवाला माणूस ट्रक चालवतोय हे पाहून मजा वाटली होती. त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय चालकही तोच ठरला. भारतीय मतं देण्यात कधी कमी पडत नाहीत. अवांतराबद्दल क्षमस्व.

चक्कीजाम

तेलघाण्याचं विधान मागे घेतोय. रविवारी शर्यत भारतात किती वाजता दिसते?

बंडू_गॅरेजवाला

मेशताई, भिंतीचं पटलं. मानेच्या कॉलरचं पटलं, पुतण्या कार्टिंगला जातो, त्याच्यासाठी चौकशी करतो. मागचा भाग मऊ केला तेही पटलं. पण बंपर हातात येतो ते नाही पटलं. स्कूटर घासल्यावर कुठला अवधी विकत घ्यायचाय?

शार्लटवासी

काल रात्री बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. पेट्रोलच्या टाकीतला स्पंज त्यांना फार आवडला, दोनदा वाचायला लावला. बंपरच्या बाबतीत ते बंडूशेठच्या बाजूने आहेत.